चारला परत आणायची बोट

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटं

बोट आलेली नाही. चार वाजता परत आणायची ठरली होती. चार म्हणजे चार, सवाचार नव्हे. सूर्य बुडून पाऊण तास झाला. सित्र्याच्या धक्क्यावर गाडीत बसून लिहितेय. त्याचा फोन बंद.

हरिदास नाव. देवगडचा, इथे गल्फमध्ये एसी दुरुस्तीच्या कंपनीत टेक्निशियन. महिन्यापूर्वी याच धक्क्यावर भेटला. शिरीष, माझा नवरा, गेल्यापासून बोट नुसती बांधून ठेवलेली. मला चालवता येत नाही आणि विकवत नाही. हा म्हणाला, "बाई, उभी करून ठेवलात तर मरतली ती. शुक्रवारची माका भाड्यान देवा. मासे गावले तर अर्धे तुमचे." मी मासे खात नाही म्हटलं. म्हणाला, "मग सगळे माझे. बराच झाला."

दोन आठवडे विचार केला. बुडवेल का? इंजिन काढून विकेल का? चार मित्र आणि बाटल्या भरून नेईल का? शेजारच्या सुनीतानं वेगळंच घाबरवलं — "खाजगी बोट भाड्यानं द्यायला परवाना लागतो, ताई. पकडलं तर तुमच्या व्हिसाचं काय?" म्हणून कागद केला नाही. आयुष्यभर शाळेत पोरींना 'पुट इट इन रायटिंग' शिकवणारी मी! त्याचं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, मात्र ठेवून घेतलं. इथे कुठल्याही गेटवर ठेवतात तसं. कार्ड आपल्या हातात असलं की माणूस परत येतो.

सहा वाजले. पोलीस चौकीवर जाते.

त्याच दिवशी, रात्री ८

सांगून आले. अधिकारी तरुण, सभ्य. खुर्ची दिली, चहा दिला. बोटीचा नंबर लिहून घेतला. मग विचारलं, "मदाम, तुम्ही त्याला बोट दिली होती?"

मी नाही म्हटलं.

इतकं चटकन की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. मग त्यानं विचारलं, "म्हणजे न विचारता नेली?" मी मान हलवली. अरबीत लिहिलेल्या कागदावर सही केली.

वेळेवर आला असता तर ही पाळी आली नसती. चूक त्याची आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी फोन. बोट सापडली. इंजिन बंद पडून रात्रभर वाहत गेली होती. माणूस जिवंत आहे, ताब्यात आहे. जवळ ओळखपत्र नव्हतं, त्यामुळे तो चोर आहे यात संशयच उरला नाही म्हणे. अधिकारी खुशीत होता — "मुबारक, मदाम."

मी थँक यू म्हटलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

बोट तुबलीला उस्मानच्या गॅरेजमध्ये नेली. नवा ओरखडासुद्धा नाही. नांगर नीट गुंडाळून ठेवलेला. उस्माननं इंजिन उघडलं आणि माझ्याकडे न बघता बोलला, "मैंने गर्मी में बोला था मैडम. पानी का पंप गया है, बदली करो."

"तूने ठीक से नहीं बोला," मी.

"तीन बार बोला. आप बोला, बोट तो खडी है, जल्दी क्या है."

मी त्याला खूप बोलले. गॅरेज किती घाण आहे, पाने कसे कुठेही टाकलेत, यावर बोलले. तो हात पुसत ऐकत राहिला.

हरिदासला पंपाचं मी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं, "इंजिन बरा आसा मा?" मी म्हटलं होतं, उत्तम.

सोमवार, १० नोव्हेंबर

दारात एक मुलगा. राजस, हरिदासच्याच कंपनीत, एका खोलीत राहतात. विदर्भाकडचा असावा. आत ये म्हटलं तर चपला काढून उंबऱ्यातच उभा राहिला.

"मॅडम, हरिदासचं कार्ड तुमच्याकडे आहे न?"

"कोण म्हणालं?"

"त्यानंच. काल भेटू दिलं मले. पोलिसांना नाही सांगितलं त्यानं. मी म्हटलं, अबे सांग ना, कार्ड बाईपाशी आहे म्हणून! तर मलेच रागावला. म्हणे, बाई वयस्कर आहेत, काहीतरी गडबड झाली असंल. येतील त्या."

मी विचारलं, कंपनी काय म्हणते?

"कंपनी काय म्हणते! व्हिसा कॅन्सल. येत्या रविवारी पाठवून राहिले. चोरीचा शिक्का घेऊन परत गल्फमध्ये कोण घेईल त्याले? घरी दोन पोरी आहेत."

कार्ड मी दिलं नाही. शोधावं लागेल म्हटलं. ते समोरच्या ड्रॉवरमध्ये होतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चौकीवर गेले नाही. गुडघा दुखतोय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गुडघा दुखत नव्हता. निदान इथे तरी खोटं लिहू नये.

अक्षताचा टोरांटोहून फोन. सगळं सांगितलं. माझी मुलगी मराठीत फक्त 'आई' म्हणते, बाकी इंग्रजी. "आई, डोंट व्हॉलंटियर एनीथिंग. दे विल डीपोर्ट यू." मी म्हटलं, त्याला करताहेत. म्हणाली, "दॅट्स डिफरंट." कसं, ते विचारलं. मग म्हणाली, "यू आर सेव्हंटी-वन."

खरं आहे. एकतीस वर्षं सनद नावाच्या या वस्तीत राहिले. मार्चमध्ये व्हिसा नव्यानं करायचाय. मुंबईतली खोली कधीच विकली. परत जायचं तर कोणाच्या दारात?

शाळेत सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला चॅपलच्या फरशीवर गुडघ्यांवर बसवायच्या. मी दोनदाच बसले. दोन्ही वेळा दुसऱ्या मुलीचं खोटं स्वतःवर घेऊन. त्याचा मला अजून अभिमान आहे. होता.

दोन आठवडे धोके मोजत बसले होते. बोटीचे मोजले, माझे मोजले. बंद पडणाऱ्या इंजिनावर एकटा माणूस पाण्यात असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गेले. तोच अधिकारी, तीच खुर्ची. म्हटलं, माझी तक्रार खोटी आहे. तो हसला. त्याला वाटलं, मला दया आली. "मदाम, तुमचं मन मोठं आहे. पण त्यानं सकाळीच कबूल केलं. सही केली. म्हणाला, विचारलं नव्हतं, मीच नेली. खलास."

मी कार्ड टेबलावर ठेवलं. ते कुठून आलं, हे सांगितलं. तेव्हा त्याचं हसू गेलं. म्हणाला, हे लेखी द्यावं लागेल. त्यानंतर तुमचं काय होईल, ते माझ्या हातात नाही. नीट विचार करा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी ९

लेखी निवेदन चौकीवर स्वतः नेऊन दिलं. पोच घेतली. नक्कल:

'बोट मी हरिदास यांना भाड्याने दिली. परवाना नव्हता. इंजिन सदोष असल्याचे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. त्यांचे ओळखपत्र मी अडकवून ठेवले आणि त्यांच्यावर चोरीचा खोटा आरोप केला. त्यांनी दिलेली कबुली खोटी आहे. ती त्यांनी माझ्यासाठी दिली. त्यांना रविवारी विमानात बसवू नये. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी, मी घरीच आहे. त्यांना थांबवले किंवा नाही, याचे लेखी उत्तर उद्या, शनिवार, १५ नोव्हेंबर, दुपारी बारापूर्वी मिळावे.'