लाल बटणाला रेझिस्टर नव्हता

दादा,

बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. सकाळी तू बनवलेल्या कोरीवकामाच्या मशीनमध्ये त्यांची दोन बोटं सापडली. त्यांनी लाल बटण दाबलं, पण मशीन थांबलं नाही. शेवटी आईने धावत येऊन प्लग उपटला. बोटं वाचतील असं डॉक्टर म्हणतात.

बाबांचे कपडे न्यायला घरी आले तेव्हा मी बोर्ड उघडून पाहिला. बटणाचा सिग्नल ज्या ऑप्टोकपलरमधून प्रकाशाने पलीकडे जातो, त्याच्या आतल्या एलईडीला तू करंट रोखणारा रेझिस्टर न लावता चोवीस व्होल्ट थेट दिलेस. तू बटण दाबून आम्हाला ऐटीत दाखवलंस, तेव्हा मशीन थांबलं आणि तेवढ्यात एलईडी जळाला. तेव्हापासून ते बटण नुसतं शोभेचं होतं. मी त्याच दिवशी विचारलं होतं, "रेझिस्टर लावलास ना?" तू म्हणालास, "तू तुझ्या लिफ्ट दुरुस्त कर, इथे नाक खुपसू नकोस."

नवा ऑप्टोकपलर आणि २.२ किलोओहमचा रेझिस्टर टेबलावर ठेवलाय. उलटा करंट आला तर वाचावा म्हणून एलईडीला उलटा डायोडही लाव. बटण असं जोड, की एलईडी एरवी पेटलेला राहील. बटण दाबलं, वायर तुटली किंवा एलईडी जळाला, की मशीन बंद पडलंच पाहिजे. मी तपासेपर्यंत ते चालू करायचं नाही.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "माझाच हात घसरला. पोराने मशीन चांगलं बनवलंय." संध्याकाळी येऊन त्यांना खरं काय ते तू सांग. माझ्याशी बोलायची गरज नाही.