कोलमनपुढचं ताट

किलव्हॅरा हाउस, गॉलवे परगणा
ता. ४ ऑक्टोबर १९३१

ती. सिबीवन्सं यांस,
ऊनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि लोकरीचे पायमोजे पोचले. पायमोजे एवढे मोठे आहेत की लिव्हरपूलच्या बायकांचे पाय बघून तुम्ही माझे विसरलात असं दिसतं. थंडी वाढली की दोन्ही पाय एकातच घालून बसेन.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहवत नाही. लॉर्डसाहेबांचा हात इतका थरथरतो की बशीत कप वाजतो तो मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. डॉक्टर म्हणाले, नाताळपर्यंत बघू, पुढचं मला विचारू नका. तरी सकाळी कुत्रे घेऊन दलदलीपर्यंत जायचं सोडत नाहीत. बंदूक उचलत नाही, म्हणून पाखरांवर काठीच रोखतात. परत आले की जोडे ठेवायच्या खोलीत, ओल्या कुत्र्यांच्या वासात बसून लिहायचं, हा जुना नेम आहे. तिन्ही मजल्यांवर चांगल्या खोल्या रिकाम्या असताना सगळी पुस्तकं तिथंच झाली. आता ते सांगतात आणि मी उतरवून घेते. त्यांची पुस्तकं पुसता पुसता मी वाचायला शिकले, त्याची ही वसुली, असं ते म्हणतात.

पुस्तक नेहमीसारखंच, तळ्याखालच्या राज्याचं. लंडनवाल्यांना तो आयरिश माणसाचा खुळेपणा वाटतो आणि आपल्या गावाला इंग्रजी थाट. तुम्ही तर म्हणायचात की ज्याला चूल पेटवावी लागत नाही त्यालाच असली राज्यं दिसतात. मला ती पुस्तकं आवडतात. कोलमनच्या मागे संध्याकाळी मला दुसरं होतं काय?

पण या खेपेला माझं मन थाऱ्यावर नाही. गोष्टीत एक नावाडी आला आहे. वल्हं धरण्याआधी तळहातावर थुंकतो, डावा खांदा पाडून चालतो, आणि वारा उलटा फिरला की होडीला म्हातारे, म्हातारे म्हणून चुचकारतो. नाव दुसरं दिलंय. पण वन्सं, तो तुमचा भाऊ आहे. मी साहेबांना तसं विचारलं, तर म्हणाले, जन्मभर ज्याच्या होडीत बसलो त्याच्यावाचून दुसरा नावाडी मी आणू कुठून?

पाच वर्षं झाली. तळ्यानं होडी परत दिली, कोलमन दिला नाही. आता साहेब त्याला कुठं नेऊन ठेवणार, या विचारानं लेखणी शाईत बुडवायची राहून जाते. तुम्हाला काय वाटतं ते लगेच कळवा. लोभ आहे तो असाच असू द्यावा.

तुमची,
ऊना


लिव्हरपूल
ता. ११ ऑक्टोबर १९३१

चि. सौ. ऊनावहिनी हिस,
सिबीचे अनेक आशीर्वाद. देव आणि मेरीमाता तुला सांभाळोत.

सौ. वाचून तू नाक मुरडणार ते ठाऊक आहे. माझ्या भावाला मातीत ठेवलेलं मी पाहत नाही तोवर मी सौ.च लिहिणार. पायमोजे मोठे वाटत असतील तर तूच वाळली आहेस. नीट जेवत जा.

तुझं पत्र वाचून मी चहा तसाच ठेवून उठले. जमीन तुझ्या साहेबांची, तळं त्यांचं, तळ्यातले मासेही त्यांचे. आता माणूसही त्यांच्या पुस्तकात? तू रागावशील, साहेब तुला देवमाणूस वाटतो. असू दे. पण आपल्याकडे ज्याचा देह मिळत नाही त्याला कुणी मेला म्हणत नाही, हे तुला मी सांगायला नको. त्याला पाण्याखालच्या त्या चांगल्या माणसांनी, पऱ्यांनी, नेलेलं असतं. ज्याला नेलं तो परत येऊ शकतो, फक्त तिथला एक घास त्याच्या पोटात जाता कामा नये. आमच्या मावशीच्या शेजारचा मायरटीन सात वर्षांनी दारात येऊन उभा राहिला तो कशामुळे? तिथं पाण्याला शिवला नव्हता म्हणून.

तेव्हा तुझ्या साहेबांना स्पष्ट सांग. नावाड्याला राजा करा, नाहीतर दगड करा, पण जेवायला बसवू नका. इथल्या बायका मला हसतात, खुशाल हसोत. कागदावर झालेलं कुठं पोचतं ते कुणी पाहिलंय? जिवाला जप, आणि या तोंडाळ वन्संवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सिबी


किलव्हॅरा हाउस
ता. २५ ऑक्टोबर १९३१

ती. सिबीवन्सं यांस,
ऊनाचा सा. न. वि. वि.

जे नको होतं तेच झालं. गेल्या मंगळवारी साहेब सांगत होते. नावाडी पाण्याखाली उतरला, धुक्याच्या घोड्यांमधून वाट काढत राजाच्या दालनात पोचला. तिथं लांबच लांब मेज मांडलेलं. त्याला बसवलं. त्याच्यापुढे ताट ठेवलं. तिथं मी लेखणी खाली ठेवली.

मला वाटलं, साहेबांना तिथलं न खाण्याचा हा नेम माहीत नसेल. पण त्यांना लहानपणी सांभाळणारी दाई आपल्याच गावची. ते म्हणाले, ऊना, मला सगळं ठाऊक आहे, म्हणूनच ताट मांडलं. पाच वर्षं तुम्ही त्याला उंबऱ्यात उभं करून ठेवलंय, ना आत ना बाहेर. मी म्हटलं, राहू दे उभा, त्याचे पाय मजबूत आहेत. ते म्हणाले, तुमचे आहेत का? मला इतका राग आला वन्सं, की माझ्या तोंडून गेलं, साहेब, तुमची राज्यं खोटी आहेत, माझा नवरा खरा होता. इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. त्यांनी वही मिटायला सांगितली.

तेव्हापासून एक ओळ सांगितलेली नाही. परवा अंथरूण धरलं. आता कुत्रे त्यांच्या दाराशी पडून असतात आणि मला दुसरीच धास्ती लागली आहे. साहेब असेच गेले तर कोलमनचं काय? ताट समोर, हात मांडीवर. खायचं नाही, उठायचं नाही. दुसऱ्या कुणाला त्याला तिथून हलवता येणार नाही. मी भांडी घासते, चादरी बदलते, आणि तो माझ्याकडे बघत बसलेला असतो. मी बरोबर केलं ना? तुमच्या मायेचा आधार आहे म्हणून विचारते.

तुमची,
ऊना


लिव्हरपूल
ता. ३ नोव्हेंबर १९३१

चि. सौ. ऊनावहिनी हिस,
सिबीचे अनेक आशीर्वाद.

बरोबर केलंस. लेखणीला हात लावू नकोस.

मेलेल्यांच्या रात्री गेलेले-नेलेले सगळे घरी फिरकतात, म्हणून मी इथं खिडकीत त्याच्यासाठी ब्रेड ठेवला. घरमालकीण म्हणाली, बाई, यानं उंदीर येतील. उंदीर नाही, तिची मांजर आली.

तुझ्या पत्रातलं एक मात्र डोक्यातून जात नाही. कोलमन लहानपणी प्रार्थना संपायचीसुद्धा वाट बघायचा नाही. आई त्याच्या हातावर पळी मारायची आणि हा दुसऱ्या हातानं उचलायचा. समोर ताट असताना गप्प बसलेला कोलमन मला काही केल्या डोळ्यांपुढे आणता येत नाही. तरीही नकोच. एकदा खाल्लं की संपलं गं. मग मी कुणाची वाट बघू? मला समजून घे, आणि लवकर लिही.

तुझी,
सिबी


किलव्हॅरा हाउस
ता. १६ नोव्हेंबर १९३१

ती. सिबीवन्सं यांस,
ऊनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आठवडाभर जवळ घेऊन हिंडले. समोर ताट असताना गप्प बसलेला कोलमन तुम्हाला डोळ्यांपुढे आणता येईना, मला तो बघवेना. आज मी जे केलं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे.

सकाळी वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. त्यांना वाटलं मी औषध आणलंय, तोंड फिरवलं. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, सांगा. त्यांनी उशी पाठीशी लावून घेतली. मग विचारलं, नावाडी काय करतो? मी म्हटलं, जेवतो.

ते सांगू लागले. सोन्याचं ताट, हरणाचं मांस, कुणी न पाहिलेली फळं. मी म्हटलं, साहेब, हे तो खाणार नाही. मग काय खाईल? मी सांगितलं, सालीसकट उकडलेले बटाटे, वर मीठ, एक खारवलेला मासा आणि ताक. साहेब म्हणाले, राजाच्या घरी? मी म्हटलं, राजाला शिकावं लागेल. ते इतके हसले की ठसका लागला, पाणी पाजावं लागलं.

पुढचं त्यांनी मलाच सांगायला लावलं. मी सांगत गेले आणि लिहीत गेले. त्यानं अंगठ्यानं बटाटा फोडला, बोट भाजलं, शिवी दिली. राजाच्या दरबारात दिली, हो. ताक गळ्याखाली गेल्याचा आवाज सगळ्या दालनानं ऐकला. साहेबांनी डोळे मिटून विचारलं, मग वर घराकडे बघतो का? मी म्हटलं, नाही. पुन्हा वाढून घेतो.

तेवढं लिहिलं आणि खाली रेघ मारली. साहेब म्हणाले, गोष्ट झाली. ते अजून आहेत, पण पुढचं काही सांगत नाहीत. मागतही नाहीत.

दुपारी मी चर्चमध्ये गेले. नोव्हेंबरभर वेदीवर मेलेल्यांची नावं वाचतात. दर वर्षी पाद्रीबाबा माझ्याकडे बघायचे आणि मी मान खाली घालायची. आज कोलमनचं नाव माझ्या हातानं लिहून दिलं. रविवारी वाचतील. तुम्ही तिथं गुडघे टेकाल की माझ्या नावानं बोटं मोडाल, मला कळायला मार्ग नाही.

वन्सं, तो पोटभर जेवला. एवढं तरी माना. माझ्यावरचा लोभ यापुढे ठेवायचा की नाही, हे आता तुमच्या हाती.

तुमची,
ऊना