सगडनबाईंच्या गालिच्यावर मी उभा का राहिलो

क्वारी रो, मंगळवार

तीर्थरूप ईनिडताईस,

धाकट्या क्लिफर्डचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि तुझा बोका, दोघंही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. माझं विचारशील (विचारणार नाहीस, ठाऊक आहे; तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा माझा आवाज ऐकून ठेवून दिलास), तर बरा आहे.

म्हणजे ते फोटोचं कात्रण तुझ्या व्हिटबीपर्यंत पोचलं तर! आमच्या गल्लीचं पत्रक नव्वद घरांत जातं, पण चुगलीला समुद्रसुद्धा जवळ. राष्ट्रगीताला मी ताठ उभा, आणि खाली छापलंय, 'शेवटी क्लिफर्डही उठले!' ताई, बाबांची शपथ, मी त्या अर्थाने उठलोच नव्हतो. जन्मभर खाणीत राबलेला आपला बाप. एम्पायर थिएटरात सिनेमा संपून राष्ट्रगीत लागलं की निम्मे लोक दाराकडे पळायचे, निम्मे खांबासारखे उभे राहायचे, आणि बाबा एकटे खुर्चीत. 'राजा माझ्यासाठी कधी उठलाय?' म्हणायचे. त्या एका वाक्यावर तू आणि मी वाढलो. ते मी विसरेन होय?

झालं असं, की राज्याभिषेकाची मैफल टीव्हीवर होती, आणि गल्लीतला सगळ्यात मोठा टीव्ही सगडनबाईंचा. मी निव्वळ नाकं मुरडायला गेलो. (केक-कस्टर्डचं गोड ट्रायफल होतं, तो भाग वेगळा.) बाईंनी नवा पांढरा गालिचा घातलाय, म्हणून सगळ्यांना दारातच बूट काढायला लावले. बाई पहिल्या गाण्यापासून मुळूमुळू रडत होत्या. त्यांचे यजमान म्हणाले, 'अगं, आपल्या लग्नात नाही गं रडलीस एवढी!' तर म्हणतात, 'तिथे बँड कुठे एवढा चांगला होता?' पलीकडच्या ट्रेव्हरचं एकच पालुपद, आमच्या खाणीचा बँड यापेक्षा बरा वाजवायचा. मधेच राजघराण्याची रांग दाखवली तेव्हा कुणीतरी हळूच म्हणालं, 'बघा, त्यांनाही कंटाळा आलाय.' मी बाणेदारपणे म्हणालो, 'एवढे दिवे कुणाच्या पैशाने?' पण तोंडात ट्रायफल असल्यामुळे ते कुणाला समजलं नाही.

मैफल संपली असं वाटून मी चहाची केटल लावायला उठलो, आणि नेमकं त्याच क्षणी राष्ट्रगीत सुरू! मागे अख्खी खोली उभी. आता बसावं, तर पाठीशी सगडनबाईंच्या चौऱ्याण्णव वर्षांच्या आई काठी टेकून उठलेल्या; त्यांच्यासमोर मी बदकन बसू? पुढे जावं, तर टीव्हीच्या आड येतो, आणि या गल्लीत राजद्रोह खपेल एक वेळ, पण ते नाही. थिजलो झालं. तेवढ्यात मेल्या ट्रेव्हरने फोटो काढला.

तेव्हा ताई, राग सोड. पन्नास वर्षं ऑगस्टचे पंधरा दिवस मी तुझ्याकडे काढतोय. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला करमत नाही गं. यंदा दार लावून घेऊ नकोस.

तुझा (आणि अजूनही बाबांचाच)
क्लिफर्ड

ता. क. चहा तसा पाच मिनिटांपूर्वीच झाला होता.

ता. क. आणखी एक. पहिलं कडवं मी म्हटलं. दुसरं येत नव्हतं म्हणून वाचलो.

ता. क. शेवटचं. सांगू की नको असं झालंय. गाणं संपल्यावर त्या आजीबाई माझ्या पायांकडे बघून हसल्या. म्हणाल्या, 'बापावर गेलास रे! तो कसला उठतोय? बूट काढून सीटखाली सारायचा, आणि मोज्यांना ही भोकं. एम्पायरला टॉर्च घेऊन जागा दाखवायला मीच असायचे; दोनदा मीच अंधारात बूट शोधून दिलेत त्याचे.' मी भांडलो त्यांच्याशी. पण घरी आल्यावर आठवलं, आई गेल्यावर तू रफू करायला शिकेपर्यंत आपल्या घरात सगळ्यांचेच मोजे तसे होते.

आता ते कात्रण पुन्हा काढून बघ. (फाडलं नसशील, मी तुला ओळखतो.) मी नुसत्या मोज्यांवर उभा आहे, डावा अंगठा बाहेर. असे सहा जोड साठलेत. ऑगस्टमध्ये घेऊन येऊ का?