बाळ नसलेलं बाळंतपण

तीर्थरूप सारिनदादांस,
धाकट्या हेंगचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा दमा कसा आहे? वहिनींचे गुडघे? माझी मोडलेली मांडी जुळली. आत डॉक्टरांनी सळई घातली आहे, ती पावसाची वर्दी माझ्याआधी देते.

दादा, ताडावरून पडलो तो कवितेपायी. (हसू नका.) शेंड्यावर रसाचं नळकांडं सोडवताना खाली खाचरांत ऊन असं काही सांडलं होतं, की विहाराच्या शाळेत आपण डोलत म्हणायचो ती बगळ्यांची कविता ओठांवर आली. तिसरं कडवं काही आठवेना. आठवलं तेव्हा मी जमिनीवर होतो.

हाड लवकर भरावं म्हणून आपल्या गावातल्या नुओन आजीने, सुईणच ती, मला बाळंतिणीसारखं बांबूच्या बाजेवर निजवलं आणि खाली चूल पेटवली. शेजारणी येऊन विचारायच्या, "कुणावर गेलंय हो?" मग आजी तुमच्या गावी लेकीकडे गेली.

मी चालू लागलो, पण आमच्या हिची, फल्लाची, चटई खोलीच्या पार त्या टोकाला. आणि माझ्याकडेही (कसं लिहू?) पहाटे न बोलावता येणारा जुना पाहुणा येईनासा झाला. ताकदीसाठी औषधी मुळ्यांची दारू प्यालो. नुसतं घोरणं वाढलं. आता उरलेलं आयुष्य नदीपल्याडच्या दिव्याकडे पाहावं तसं बायकोकडे पाहत काढायचं, असं वाटून विरहगीतं रचू लागलो. शेवटी शहरात डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आजोबा, मोडली ती मांडी. बाकीचं जागेवर आहे. दुखण्याच्या गोळ्या मी उतरवत आणतो, धास्ती तुम्ही उतरवा. गुडघ्याखाली उशी घ्या. आणि घरच्या आजींशी, बायकोशी बोला."

बोललो. "मी लंगडा नकोसा झालो का गं?"

ती उसळलीच. "अहो, चूल उतरवली कुठाय? सुइणीने मंत्र म्हणून बाळंतिणीची चूल उतरवल्याशिवाय नवराबायको जवळ येतात का? तीन पोरं झाली, तेव्हा बरं कळत होतं!"

बाळच नव्हतं, म्हणून तो विधी कुणाला सुचलाच नाही, दादा! (पाठ फिरवून हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीच विसरलात.")

तुमचा,
हेंग

ता. क. नुओन आजीला पहिल्या गाडीने पाठवा. विडा, केळी, तिच्यासाठी नवं वस्त्र, सगळं तयार आहे.

दुसरा ता. क. आज पहाटे पाहुणा आला होता. आजीला म्हणावं, घाई कर.

तिसरा ता. क. आत्ताच चूल कलंडली. फल्ला म्हणते, मांजरीने पाडली, आणि मांजरीची चार बाळंतपणं झालीत, म्हणजे सुईणच ती, चालतं. मांजरीच्या पंजांना राख दिसली नाही. फल्लाच्या हातांना होती. आजीला सावकाश येऊ द्या. उशी तेवढी आज पाठवा.