उजव्या डोळ्याचा शेक

आई, माझ्या उजव्या डोळ्याचं तुला सांगायचंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण डोळ्याला काही झालं की पहिली हाक अजून तुलाच जाते. चौकात चिकनच्या भरतकामाचा कुर्ता बघत होते. डावा डोळा खाजला म्हणून चोळायला लागले (तुझी एवढी बोलणी खाऊनही ती खोड गेलेली नाही), तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "मैडम, कढ़ाई तो देखिए." उघड्या उजव्या डोळ्याला पांढऱ्यावरचं पांढरं फूल दिसेचना. नुसतं कोरं कापड. मग तपासण्या झाल्या. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या वेष्टनावर गाठ निघाली. कॅन्सरची नाही, पण नस आवळणारी. कापून काढायला जावं तर नजरच जायची भीती, म्हणून रेडिएशन. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या, गेलेली नजर येईलच असं नाही, आहे ती राखायची. मी फार घाबरले गं.

आधी चेहऱ्याचा मास्क करतात, मशीनखाली डोकं हलू नये म्हणून. जाळीदार प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून ओलंच तोंडावर दाबतात. तो ऊबदार ओलावा पापण्यांना टेकला आणि मी थेट लहानपणीच्या मलिहाबादला पोचले. बाबांच्या ऑफिसची मंडळी बागेत आंबे खायला आलीयत. उन्हाळ्याची गरम लू सुटलीय, माझ्या डोळ्यात माती गेलीय. "चोळू नको वं! किती सांगावं या पोरीले!" म्हणत तू माझी हनुवटी धरतेस, पदराचा बोळा करतेस, त्यात हाऽ करून तोंडाची वाफ सोडतेस आणि डोळ्यावर ठेवतेस. पुन्हा वाफ, पुन्हा डोळा. बादलीतले दशहरी आंबे संपत चाललेत. कुणीतरी म्हणतं, "भाभीजी, आप भी तो खाइए." "पहिले इसका आँख," तुझी ती नागपुरी हिंदी.

"दीदी, ज़्यादा गरम तो नहीं?" मास्क बसवणाऱ्या मुलीनं विचारलं. डोळ्यांतलं पाणी जाळीतून कानात उतरलं, आणि त्या बिचारीला वाटलं, भाजलं. नंतर रोज तोच मास्क, पण थंड आणि कडक. मशीन घरघरायचं, जाणवायचं काहीच नाही. मला तर वाटायचं, जरा तरी गरम लागावं.

आता उपचार संपलेत. परवाच्या तपासणीत नजर होती तिथेच थांबलेली निघाली. डॉक्टरीणबाई खूश, घरात बर्फी वाटली. मला मात्र ते पांढरं फूल हवं होतं. तुझा पत्ता माहीत असता तरी हे पत्र टाकलं नसतं. काळजीनं दोन दिवस जेवली नसतीस.

काल ओढणीचा बोळा करून मीच वाफ देऊन बघितली. डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर निवून जाते. तुझ्या नातीनं पाहिलं. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीतच. "क्या कर रही हो मम्मी? दर्द है?" मी म्हटलं, "हो, थोडं." तिनं ओढणी ओढून घेतली, माझी हनुवटी धरली आणि हाऽ केलं. "और?" तिनं विचारलं. "अजून," मी म्हटलं.

आई, डोळा दुखत नव्हता.