रूम खाली है ना?

१२ जानेवारी, संध्याकाळ. चौबे कॉलनी, रायपूर.

उद्या कोचीची गाडी, अन् हे आज कळून राहिलं!

यांच्या आईचे गुडघे असे, म्हणून हॉटेलात खालचीच खोली घ्या, असं यांना मी बजावलं होतं. यांनी फोनवर हिंदीत विचारलं, "रूम खाली है ना?" मॅनेजर म्हणाला, "हाँ जी, खाली है." झालं, हे निश्चिंत. तो बिचारा रिकामी म्हणून राहिला होता. आज त्याचाच फोन आला, तेव्हा समजलं. खोली तिसऱ्या मजल्यावर. जुनी इमारत, लाकडी जिना, लिफ्ट नाही.

"जन्म रायपुरात गेला, अन् तुम्हाले खाली समजत नाही काहून?" मी ओरडलीच. मग मीच फोन लावला. तो म्हणे, "मैडम, नीचे वाला खाली नहीं है."

इतकं जोरानं कशाले ओरडली मी? समुद्र पाहायचा म्हणून आईंनी कधीची बॅग भरून ठेवली होती.

आत्ता त्यांच्या खोलीत डोकावली. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बॅग पलंगाखाली सरकवलेली. ओढून पाहिली.

खाली होती.