बीथोवनबुवांचा बिनचूक सेट

२ मार्च, गुरुवार

लेकीच्या वाद्यवृंदाचं तिकीट आलं. २५ तारीख, शनिवार, संध्याकाळी सहा. बीथोवनबुवांची सातवी सिंफनी. लेक व्हायोलिनवाल्यांच्या दुसऱ्या रांगेत बसते. तिकीट दिलं ते आईकडे. बापाच्या हातात द्यायला काय हात झिजतात?

आठ महिने बोलत नाही माझ्याशी. का, तर मागच्या कार्यक्रमानंतर मी तिला एक्केचाळीस चुकांची यादी दिली. टाइप करून, मिनिट-सेकंदांसकट! एवढे कष्ट कोण बाप घेतो? मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. बावीस वर्षं लोकांचे खोटे तराजू पकडतोय. चूक दिसली की लिहायची, संपलं. त्यात रुसायचं काय?

ही म्हणते, पोरीने आपणहून बोलावलंय, आता घोळ घातलात तर पुन्हा बोलावणार नाही. घोळ? मी?

संकल्प: या वेळी पूर्ण तयारीनिशी जाणार. मागच्या वेळी माझ्याकडे प्रमाणच नव्हतं. खात्रीचं वजन हातात असल्याशिवाय समोरच्याचं माप तपासणार कसं? बुवांच्या नऊच्या नऊ सिंफन्यांच्या रेकॉर्डचा एकच बिनचूक सेट निवडायचा. हिने विचारलं, वाजवणार सातवी, मग नऊ कशाला? या घरात पद्धतशीर विचार करणारा मी एकटाच आहे.

आठ दिवसांत निवडून मोकळा.

४ मार्च, शनिवार

रेकॉर्डच्या दुकानात गेलो. तीन सेट. तीन कंडक्टर. दुकानदाराला विचारलं, यातला बरोबर कुठला? म्हणाला, तिन्ही बरोबर. तळपायाची आग मस्तकात गेली. भाजीवाला मला असं म्हणाला असता तर जागच्या जागी तराजू जप्त केला असता.

तिन्ही घरी ऐकायला आणले. आठवड्याच्या बोलीवर.

५ मार्च, रविवार

स्टॉपवॉच घेऊन बसलो. सातवीचा दुसरा भाग. एक कंडक्टर पावणेआठ मिनिटांत उरकतो, दुसरा साडेनऊ घेतो. तीच पानं, तेच सूर! पावणेदोन मिनिटं गेली कुठे? आणि याबद्दल कुणी कुणावर खटला भरत नाही. पहिल्याचं नाव धावपळे ठेवलं, दुसऱ्याचं रेंगाळे. तिसरा म्हणे बुवांच्या काळातली जुनी वाद्यं वाजवतो. ती जुनी वाद्यं का टाकून दिली असतील, ते ऐकल्यावर कळतं.

मेहुणा आला होता. म्हणाला, भावजी, फोनवर सगळं असतं की, कुठलंही ऐका. ‘कुठलंही’! याला चहा देऊ नको म्हणून हिला खुणावलं. हिने दिला. वर बिस्किटंही दिली.

११ मार्च, शनिवार

सेट परत केले. सोबत सातपानी तपासणी अहवाल. दुकानदाराने तो न वाचता काउंटरखाली सरकवला आणि विचारलं, साहेब, पण आवडलं काय तुम्हाला? मूर्खशिरोमणी. आवडण्याचा इथे संबंध काय?

दुसऱ्या दुकानात जाणार. आठ दिवस उलटून गेले ही माझी चूक नाही, धावपळे आणि रेंगाळेंची आहे.

१५ मार्च, बुधवार

ऑफिसात दुपारी हेडफोन लावून चौथा सेट तपासत होतो. समोर एक किराणावाला त्याची वजनं घेऊन पाऊण तास उभा होता म्हणे. मला दिसला नाही. डोळे मिटले होते. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून झापलं. त्यांना सांगितलं की मी प्रमाणाचंच काम करत होतो. तर म्हणाले, कुणाच्या? असल्या माणसाच्या हाताखाली दिवस काढायचे म्हणजे कर्मकठीण.

चौथा सेटही बाद. मधे कुणीतरी खोकतो.

१७ मार्च, शुक्रवार

ही भडकली. काही कारण नसताना! जेवताना मी फक्त एवढंच म्हणालो की कार्यक्रमाला कागद, दोन पेनं आणि छोटी बॅटरी नेणार. हातातला डाव आमटीत आपटला. माझा शर्ट गेला.

हिने शपथ घ्यायला लावली: कार्यक्रम संपला की लेकीला फक्त ‘फार छान झालं’ म्हणायचं. चूक काढायची नाही. एकही नाही. मी म्हटलं, आणि छान नसलं झालं तर? म्हणाली, तरीही. म्हणजे खोट्या मापाला मी स्वतःच्या हाताने शिक्का मारायचा! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घेतली शपथ. हिने ती फोनवर लेकीलाही ऐकवली असणार. बराच वेळ दोघी हसत होत्या.

२० मार्च, सोमवार

सापडला! पाचवा सेट. परदेशातून येतोय. याच्यावर लिहिणाऱ्या सगळ्यांनी एकमताने मान डोलावली आहे. कुरियर शनिवारी, २५ तारखेला, दुपारी दोन ते पाच. पाचला हातात, सव्वापाचपर्यंत दुसरा भाग ऐकून प्रमाण पक्कं, साडेपाचला निघायचं, सहाला खुर्चीत. सगळं बसतंय.

ही म्हणाली, त्या दिवशी नको. मी दुर्लक्ष केलं.

२५ मार्च, शनिवार, दुपारी ३.१०

ही लेकीबरोबर लवकर गेली. मी मागून येतो म्हटलं. माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी परगावी चाललोय.

४.५५

कुरियरचा पत्ता नाही. दोन वेळा जिना उतरून पाहून आलो.

५.२०

फोन केला. बाई म्हणाली, आज न घेतल्यास डबा गोदामात परत जाईल, पाच दिवसांनी येईल. पाच दिवसांनी प्रमाण घेऊन काय लोणचं घालू? थांबलो. कुणीही विचारी माणूस थांबला असता.

५.४२

आला. सही करायला पेन मागतो! निघालो. डबा बरोबर घेतला.

२६ मार्च, रविवार, सकाळी

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

सहा वाजून अकरा मिनिटांनी पोचलो. सभागृहाचं दार बंद. दारवाला म्हणाला, एक रचना सुरू झाली की ती संपेपर्यंत कुणाला आत सोडत नाही. मी खात्याचं ओळखपत्र काढलं. म्हणाला, इथे वजन करायला काही नाही, साहेब. भरपूर भांडलो. शेवटी बाकावर बसलो, डबा मांडीवर. तसं घाबरायचं कारण नव्हतं. माझ्याजवळच्या कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आधी वीस मिनिटांची एक छोटी रचना होती. सातवी मध्यंतरानंतर.

बाहेरच्या भिंतीवर स्पीकर होता. त्यावर कुठलीतरी सातवी लावलेली. मला वाटलं, उशिरा आलेल्यांनी आरडाओरडा करू नये म्हणून रेकॉर्ड लावतात. दुसरा भाग सुरू झाला. सवयीने स्टॉपवॉच काढलं.

दाबायचं राहून गेलं.

काय होतं ते! घाई नाही, रखडणं नाही. व्हायोलिनची दुसरी रांग हळूच आत येते तिथे मी मान वर करून स्पीकरकडेच बघत बसलो. एवढ्या सेटांत ती रांग मला कधी ऐकूच आली नव्हती. मी उठून दारवाल्याचा हात धरला. म्हटलं, हाच! गेले तीन आठवडे मी हाच शोधतोय. कुठला सेट हा, कंडक्टर कोण? हा माझ्याजवळचा डबा केरात टाका, पण नाव सांगा.

त्याने हात सोडवून घेतला. म्हणाला, आतलंच चालू आहे, साहेब. क्रम बदललाय. तुमच्या मागे कागद लावलाय.

लावला होता. मोठ्या अक्षरात.

शेवटचा भाग उभ्यानेच ऐकला, स्पीकरखाली. मला भयंकर राग आला होता, आणि कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. दारवाल्याने पाणी दिलं.

मध्यंतरात लेक बाहेर आली, मागे ही. मी सरळ सांगितलं. फार छान झालं. असं मी कुठल्याच सेटमध्ये ऐकलं नाही. तुझी रांग आत येते तिथे तर मी घड्याळही विसरलो. आयुष्यात एवढं मी कुणालाच बोललो नाही.

लेकीने माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, तुमची खुर्ची रिकामी होती. मी दर भागानंतर बघत होते.

मी स्पीकरचं सांगायला लागलो. दारवाल्याला विचार म्हटलं. ती म्हणाली, राहू दे, बाबा. आईने शपथ घातलीय ते मला माहीत आहे. त्यापेक्षा ती यादी बरी होती. निदान तेव्हा तुम्ही ऐकायला आला होतात.

आणि आत गेली. हिने मला एक शब्दही सुनावला नाही. सुनावायला हवं होतं.

२८ मार्च, मंगळवार

दोन दिवस वाट पाहून मीच लेकीला फोन केला. म्हटलं, शपथबिपथ सोड, खरंच चांगलं वाजवलंत. ती म्हणाली, बरं. मी म्हटलं, अगदी खरं सांगतोय. म्हणाली, हो बाबा, कळलं. आई आहे का जवळ?

दिला फोन.